धुई, कांदा आणि छत्तीसशे रुपयांची कार्यशाळा

गावाकडं धुई, म्हणजे दाट धुकं, पडली की दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात गर्दी होते. पुण्याच्या मार्केट यार्डाजवळच्या एका बी-बियाणं आणि औषधांच्या दुकानात मी अठरा वर्षं हिशेब बघते. धुई म्हणजे कांद्यावर करपा, करपा म्हणजे मॅन्कोझेब हे बुरशीचं औषध, आणि मॅन्कोझेब म्हणजे उधारीची वही. असल्या धुईसाठी कुणी पैसे भरून पहाटे चारला उठत असेल, असं मला गेल्या जानेवारीपर्यंत वाटलं नव्हतं. मग मीच भरले. छत्तीसशे रुपये, दोन दिवस. ग्रामीण निसर्गाचे फोटो काढायची कार्यशाळा, एक पहाट शेतात आणि एक दिवस वर्गात.

कार्यशाळेचं नाव लिहीत नाही. खाली चार तक्रारी येणार आहेत आणि पुणं तसं लहान गाव आहे. सरांनाही नुसतं ‘सर’च म्हणते. ज्यांनी मला विचारलं होतं, ‘जाऊ का?’, त्यांना एवढ्यावरून कळेल.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते समजेल. माहेर पुरंदरमधलं. भाऊ अजून शेती करतो. अंजीर, थोडं सीताफळ, पाणी असेल त्या वर्षी कांदा. कॅमेरा भाच्याकडून घेतलेला, निकॉन डी५३००, सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स. चार वर्षं मी त्या कॅमेऱ्यानं हळदीकुंकवाचे आणि बारशाचे फोटो काढले. गावाकडं गेले की शेताचेही काढायचे, पण घरी येऊन बघितलं की सातबाऱ्याला जोडायला काढल्यासारखे दिसायचे. जमीन होती, झाड होतं, पहाट मात्र कुठंच नव्हती. ती फोटोत कशी आणायची, एवढं शिकायला गेले होते.

पहिली तक्रार लगेच. स्वारगेटला पावणेपाचला जमायचं होतं. गाडी सव्वापाचला आली आणि बाणेरचे एक गृहस्थ साडेपाचला. हडपसर, वडकी, दिवे घाट असं करत सासवडच्या पुढं शेतात उतरेपर्यंत तांबडं फुटून गेलं होतं. सूर्य उगवायच्या आधीची जी निळी वेळ असते, जिचं जाहिरातीत ठळक अक्षरात वर्णन होतं, तिचा शेवटचा तुकडा आम्ही गाडीच्या काचेतून बघितला. अकरा जण एका माणसासाठी थांबले. ‘पावणेपाचला गाडी सुटेल’ असं लिहायचं आणि सोडायची, यात अवघड काय आहे?

पण उतरल्यावर जे होतं त्यानं राग गेला. कऱ्हा नदीच्या काठानं धुई बसली होती आणि आम्ही उभे होतो त्या चढावर हवा स्वच्छ. सरांनी हे चांगलं समजावलं. निरभ्र रात्री वारा नसला की जमीन दिवसाची ऊब सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि हवेतल्या वाफेचे थेंब होतात. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारानं खाली जाते आणि नदीच्या खोलगटात साचते. वरची हवा त्यामानानं उबदार राहते. खालच्या वस्तीतल्या चुलींचा धूर सरळ वर येत होता आणि एका उंचीला छपराला टेकल्यासारखा आडवा पसरत होता. हे मी लहानपणी शंभरदा बघितलंय. असं का होतं, ते मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

पहिली पंधरा मिनिटं सरांनी कॅमेरे पिशवीतच ठेवायला लावले. अकरापैकी निम्म्यांचा जीव खालीवर. सर म्हणाले, ‘फक्त बघा आणि काय काय हलतंय ते सांगा.’ कुणी धुकं म्हणालं, कुणी बगळे. मी म्हणाले, त्या पाण्याच्या मोटारीच्या खोपटाशी माणूस आहे, तो पाणी मोडतोय. कुणाला दिसेना. जरा वेळानं विजेरी हलली तेव्हा दिसला. सर खूश झाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कॅमेरे बाहेर काढल्यावर सगळ्यांनी एकजात पुरंदर किल्ल्याकडं तोंड केलं. साहजिकच आहे, माथ्यावर पहिलं ऊन आलं होतं, वज्रगडही शेजारी उजळला होता. सरांनी दोन-चार फोटो काढू दिले आणि मग म्हणाले, आता सगळे मागं वळा. पाठीवर ऊन घेऊन काढलं की डोंगर छान दिसतो, पण धुई पांढऱ्या भिंतीसारखी सपाट दिसते. उन्हाकडं तोंड केलं की तीच धुई आतून पेटल्यासारखी होते, झाडं काळी होतात आणि प्रत्येक बांध मागच्या बांधापेक्षा थोडा फिका होत जातो. पहिला गडद, दुसरा करडा, तिसरा जेमतेम, चौथा असेल-नसेल. डोळ्याला लांबी त्यावरूनच कळते. छत्तीसशेतले हजार तर मी या एका ‘मागं वळा’चे धरते.

दुसरी शिकवण कॅमेऱ्याच्या भोळेपणाची. त्याच्या आतला मापक धरून चालतो की जग सरासरीनं मध्यम करडं आहे. समोर सगळं उजळ धुकं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. म्हणून माझ्या जुन्या फोटोंत धुई सिमेंटच्या धुरळ्यासारखी दिसायची. उपाय सोपा आहे. एक्सपोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, अर्धा ते एक स्टॉप वर करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना, तेवढं बघा. सूर्याचं बिंब स्वतः जळलं तर जळू द्या, त्याच्या भोवतीचं जळू देऊ नका.

आता माझ्या फोटोकडं येते, कारण सरांची खरी हातोटी मला तिथं दिसली.

समोर कांद्याचे वाफे होते, रात्री भिजवलेले. पातीवर दहिवर, प्रत्येक पातीच्या टोकाला एकेक थेंब. वाफ्यांचे वरंबे सरळ जाऊन एका कडुनिंबाशी संपत होते, कडुनिंबामागं मोटारीचं खोपट आणि त्याच्यामागं धुईत विरघळलेला बांध. मी उभ्यानंच काढला. सर म्हणाले, खाली बसा. बसले, गुडघा चिखलात. निकॉनचा पडदा बाहेर वळतो, त्यामुळे मान मोडली नाही. पण आता कांद्याची पात वर येऊन झाडाच्या बुंध्यात घुसली. सर मागून म्हणाले, ‘ताई, चार बोटं वर.’ चार बोटं वर घेतला. पात आणि बुंधा यांच्यात धुईची एक पांढरी फट आली. ‘आता अर्धं पाऊल डावीकडं.’ खोपटाचा पत्रा झाडातून सुटा झाला. झाड वेगळं, खोपट वेगळं, बांध वेगळा, आणि प्रत्येकाभोवती थोडी हवा. सर याला ‘श्वास ठेवणं’ म्हणतात. चौकटीचे तीन भाग करा वगैरे मी आधी वाचलं होतं. त्यानं फोटो बिघडत नाही, सुधारतोच असंही नाही. या चार बोटांनी सुधारला.

विजेची तार उरली होती. आडवी, थेट मधोमध. बाकीच्यांनी ती नंतर एडिटिंगमध्ये पुसली. मी ठेवली. खोपटात मोटर आहे म्हटल्यावर तार असणारच, आणि त्या तारेत रात्रीच वीज येते म्हणून तो माणूस पहाटे पाणी देत होता.

तो माणूस तेवढ्यात खोरं खांद्यावर टाकून वर आला. पासष्टीचा असेल, डोक्याला मफलर.

‘कशाचं फोटू काढताय वो ताई?’

‘धुईचं, तात्या.’

‘धुईचं? ती काय पावनी हाय व्हय? परवाधरनं बसलीया, उठंना. कांद्याचं वाटुळं केलं तिनं.’

मी करप्याचं विचारलं. दोन फवारण्या झाल्या म्हणाला. मी काय फवारलं ते विचारलं. मग आम्ही धंद्याचंच बोलत बसलो आणि माझी दहा मिनिटं उजेडासकट गेली. त्याची तक्रार कुणाकडं करणार!

इथंच दुसरी तक्रार. सरांना उन्हाचे पट्टे दिसायला धूर हवा होता. ते तात्यांना म्हणाले, तुमच्या गंजीतला थोडा कडबा ओला करून पेटवता का, शंभर-दोनशे रुपये देतो. तात्यांनी आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘कडबा जनावराचा हाय,’ एवढंच म्हणाले आणि निघून गेले. सर हसले, बाकीचेही हसले. मला खाली बघावंसं वाटलं. गावात जाऊन फोटो काढायला शिकवता, तर कडबा खायचा असतो हेही पहिल्या तासाला सांगायला हवं. शिवाय खरा धूर खाली वस्तीवर फुकट पसरला होता.

नाश्ता म्हणजे पोहे. गार. पुढं.

एक कामाची गोष्ट राहिली. पहाटे गार झालेला कॅमेरा गाडीत आणण्याआधी पिशवीत घालून चेन लावा. गाडीत अकरा माणसांच्या श्वासाची ऊब आणि ओल असते, ती गार काचेवर बसते. सर हे सांगत होते तेव्हा तिघं जण गाडीत बसून फोटो बघत होते. तिघांच्या लेन्सवर धुई.

दुसरा दिवस सदाशिव पेठेतल्या एका वर्गात. प्रोजेक्टर हिरवट मारत होता. रंग शिकवायच्या दिवशी हे म्हणजे भेसळीच्या काट्यावर सोनं तोलणं. सर दर पाच मिनिटांनी म्हणत, ‘तुमच्या लॅपटॉपवर बघा, इथं नका बघू.’ मग इथं लावला कशाला?

सरांनी शिकवलं लाइटरूमवर, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरवर. ते महिन्याच्या पैशांवर चालतं. मी आधीच विचारून डार्कटेबल हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून गेले होते, ते फुकट आहे. बटणांची नावं वेगळी, जागा वेगळ्या, पण सरांनी मला वेगळं बसवून दाखवलं, कुरकुर केली नाही. याचे गुण पूर्ण.

रॉमध्ये (कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं ठेवणारी फाइल) काढा, जेपेगमध्ये (दाबून लहान केलेली फाइल) नको, हे सगळेच सांगतात. धुईसाठी ते जास्त का लागतं, ते इथं कळलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. धुईचा फोटो म्हणजे पांढऱ्यापासून करड्यापर्यंतचा एक लांब उतार, त्यात ठळक असं काहीच नाही. थोड्या पायऱ्यांचा उतार जरा ताणला की आकाशात पट्टे पडतात, घडी मोडलेल्या पातळासारखे. सरांनी एकच फोटो दोन्ही प्रकारे ताणून दाखवला. जेपेगचे पट्टे हिरवट प्रोजेक्टरवरही दिसले.

मग आलं डीहेझ. लाइटरूममध्ये ते २०१५ पासून आहे, धुरकटपणा काढायचं बटण. वर्गातल्या आठ जणांनी ते पहिल्या मिनिटाला उजवीकडं ओढलं. फोटो एकदम ‘क्लिअर’ झाले आणि ज्यासाठी चार वाजता उठलो ती धुईच गेली. सर काही बोलले नाहीत, नुसते हसत उभे राहिले. मग त्यांनी तेच बटण शून्याच्या डावीकडं नेलं, अगदी थोडं आणि फक्त मागच्या बांधावर, मास्क टाकून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून. धुई जराशी दाट झाली. पुढच्या पातीवर मात्र थोडं टेक्स्चर वाढवलं. जवळचं काटेरी, लांबचं मऊ. डोळाही तसंच बघतो.

पांढऱ्या रंगाच्या तोलाचंही (व्हाइट बॅलन्स) तसंच. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा पहाटेची निळाई चूक समजून दुरुस्त करतो. माझ्या फोटोत उन्हाकडची बाजू पिवळसर आणि वाफ्यातली सावली निळी होती. मी भोळेपणानं दोन्ही एकसारखं करायला गेले. सर म्हणाले, ‘थंडी वाजत होती ना? मग ती निळाई ठेवा.’ ठेवली. आजही फोटो बघितला की मला गुडघ्याला चिखल गार लागतो.

तासभर असं छान चाललं होतं आणि मग सरांनी आकाश बदलायला घेतलं.

फोटोशॉपमध्ये २०२० पासून ती सोय आहे. आकाश ओळखतं, कापतं, दुसरं चिकटवतं, खालच्या जमिनीला त्याचा रंगही चढवतं. सरांनी एका मुलाचा फोटो घेतला. शाळूचं रान, कणसं भरलेली, मागं धुई. त्यावर त्यांनी आषाढातलं आभाळ टाकलं, काळंभोर. वर्गातून ‘वा!’ आलं. मी हात वर केला.

‘सर, शाळू कणसात असताना असं आभाळ आलं तर दाणा काळा पडतो. ताटं आडवी होतात.’

‘ताई, बघणाऱ्याला कुठं कळतंय?’

‘मला कळतंय ना.’

थोडी शांतता झाली. मग एका मुलीनं हळूच दाखवलं की रानात ऊन डावीकडून आहे आणि ढग उजवीकडून उजळलेत. सरांनी ढग उलटे फिरवले. ढग फिरले, महिना काही फिरला नाही.

सरांची बाजूही सांगते, कारण तीही त्यांनी मनापासून मांडली. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचेवरचं रसायन निळ्या उजेडाला इतकं हपापलेलं असे की समुद्र नीट येईपर्यंत आकाश जळून कोरं व्हायचं. म्हणून त्यानं समुद्र एका काचेवर घेतला, आकाश दुसऱ्या काचेवर, आणि छापताना जोडलं. ‘म्हणजे ही कला फोटोग्राफीइतकीच जुनी आहे,’ सर म्हणाले. गोष्ट मला आवडली, घरी येऊन सांगितलीही. पण ल ग्रेच्या काचेला आकाश पकडताच येत नव्हतं. आमच्या कॅमेऱ्यांनी पकडलं होतं. ते निरभ्र होतं, म्हणून तर रात्री धुई पडली. तिच्यावर पावसाळी ढग ठेवले की खालची धुई आली कुठून, याचं उत्तर फोटोकडं राहत नाही.

माझ्या कांद्यावरही अशीच एक छोटी झटापट झाली. पातीचे शेंडे पिवळे पडले होते. सर म्हणाले, पिवळा रंग थोडा हिरव्याकडं सरकवा, रान ताजं दिसेल. सरकवून बघितला. खरंच ताजं दिसलं, बियाण्याच्या पाकिटावर असतं तसं. असली पाकिटं मी दिवसभर बघते. परत मागं आणला आणि उलट हिरव्याचा भडकपणाही कमी केला. पहाटेचा हिरवा जरा राखाडीच असतो.

शेवटच्या अर्ध्या तासात नऊशे नव्व्याण्णव रुपयांचे प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर सगळ्या फोटोंना लावायच्या तयार एडिटिंग सेटिंग्ज, विकायला काढले. दीड दिवस ‘प्रत्येक फोटोचं वेगळं बघा’ सांगून झाल्यावर. चौघांनी घेतले. त्यापेक्षा तो अर्धा तास प्रत्येकाच्या एकेका फोटोवर द्यायचा. जाहिरातीत तसं लिहिलं होतं, प्रत्यक्षात पाचच जणांचे बघून झाले.

पाचपैकी साडेतीन देते. दीड कापला तो गाडी, प्रोजेक्टर, प्रीसेट आणि कडब्याचा. ज्यांच्याकडं कॅमेरा आहे पण फोटो सपाट येतात, त्यांनी खुशाल जा, पहिल्या दिवसासाठी तरी जाच. एडिटिंग येत असेल तर दुसरा दिवस घरी बसलात तरी चालेल, पण पैसे दोन्हीचेच घेतात. महागड्या लेन्सची गरज नाही. लांबच्या लेन्सनं बांध एकमेकांवर रचल्यासारखे येतात हे खरं, शेजारच्यांची ७०-३०० मागून बघितली. माझा फोटो आला तो १८-५५वरच. पुढच्या वेळी पायात मात्र गमबूट घालणार.

फोटो ए३ आकारात मॅट कागदावर छापून घेतला. पहिला अंधारा निघाला. चूक माझीच, लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केला होता. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून पुन्हा बघितला, सावल्या थोड्या उचलल्या, दुसरा बरोबर आला. मालकांनी तो हौसेनं दुकानात लावला, गल्ल्याच्या वर, कॅलेंडरशेजारी.

गेल्या आठवड्यात शिरूरकडचे एक काका आले. बिल होईपर्यंत फोटोकडं बघत होते. मग चष्मा कपाळावर सारून जवळ गेले.

‘कुणाचा कांदा म्हनायचा ह्यो?’

‘सासवडकडचा. फोटो मी काढलाय.’

‘शेंड्याला धरलंय बघा. फवारायला उशीर केला त्यानं.’

मग स्वतःसाठी मॅन्कोझेबचे दोन पुडे घेतले आणि वहीत लिहा म्हणाले.